वन्संचा उजवा पाय

आमच्या जेवणाच्या टेबलाखालची सतरंजी एकाच ठिकाणी झिजते. माझ्या नणंदेच्या खुर्चीपुढे, उजव्या पायाखाली. मी ती एकदा फिरवून घातली, मग नवी आणली, पण भोक पडायचं ते तिथेच पडलं. टीव्हीवर कोणाची मोटार वळणावर जोरात आली, रस्त्यावर कोणी करकचून हॉर्न वाजवला, किंवा नुसता माझा कप टेबलाच्या काठाकडे सरकला, की वन्संचा उजवा पाय दाणकन खाली येतो. त्या ब्रेक मारतात.

त्यांचं सगळं आयुष्य ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटवर गेलं. त्या सीटपुढे शिकवणाऱ्यासाठी वेगळा ब्रेक असतो. शिकणाऱ्याने घोटाळा केला की तो दाबायचा आणि दोघांचा जीव वाचवायचा, एवढंच त्यांचं काम, आणि ते त्यांनी इतकं चोख केलं की गावातली निम्मी माणसं त्यांना ‘ब्रेकबाई’ म्हणूनच ओळखतात. तोंडावर कोणी म्हणत नाही. त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं आज आजोबा झाली आहेत, तरी रस्त्यात त्या दिसल्या की आधी आरशात बघतात.

मी त्यांना वन्सं म्हणते, त्या मला वहिनी. मी ‘तुम्ही’ म्हणते आणि त्या ‘तू’. वयाने मी मोठी आहे, पण लग्नानंतर त्यांनी मला गाडी शिकवायला घेतली होती. पहिल्या कोपऱ्यावर मी स्टिअरिंग सोडून डोळ्यांवर हात घेतले, तेव्हापासून ‘तुम्ही’ म्हणणं त्यांना जमलं नसावं. त्यांचं स्वतःचं लग्न झालं नाही. एक गृहस्थ मागणी घालायच्या बेतात त्यांना आपल्या नव्या गाडीतून फिरायला घेऊन गेले होते. तासाभराने वन्सं एकट्या, पायी परत आल्या. “मागे न बघता गाडी मागे घेतली त्याने,” त्या म्हणाल्या. “असा माणूस घरातसुद्धा कशाला ना कशाला धडकणार.” विषय मिटला.

माझे पती गेले तेव्हा वन्सं मला सोबत म्हणून चार दिवसांसाठी आल्या. त्या चार दिवसांतले बरेच दिवस अजून शिल्लक आहेत.

मग त्यांची नजर अधू झाली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली, आणि वन्संनी ती इतक्या आत्मविश्वासाने चुकीची वाचली की डॉक्टरांनी वळून तक्ता तपासला. लायसन्स गेलं. स्कूलने निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. घरी बसून पाठ धरली तशी दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, “पोहा. पाठीवर पोहा.”

अशा रीतीने ज्या बाईने जन्मभर ‘आधी मागे बघ’ एवढंच शिकवलं, ती मागे न बघता मागे जायच्या खेळात पडली.

आमच्या तलावावर साठीच्या पुढच्या बायकांचा एक रिले संघ आहे. चौघी जणी, प्रत्येकीने तलावाची एक लांबी वेगळ्या तऱ्हेने पोहायची. सुरुवात बॅकस्ट्रोकने होते. संघाची सूत्रं नर्सबाईंच्या हातात. त्या इस्पितळातून निवृत्त झाल्या आहेत, पण आवाज अजून ड्युटीवर आहे. ब्रेस्टस्ट्रोक त्यांचा. बटरफ्लाय पोस्टातल्या बाईंचा आणि शेवटची फ्रीस्टाइल केकवाल्या बाईंची. बॅकस्ट्रोक करणाऱ्या बाई मुलीकडे राहायला गेल्या. उरलेल्या तिघींच्या नाकात पाणी जायचं. वन्संना तरंगता येत होतं. घेतलं त्यांना.

पहिल्याच वर्षी वार्षिक स्पर्धेत वन्सं चक्क पुढे होत्या. भिंत हातभर राहिली असेल, तेवढ्यात त्या पालथ्या झाल्या, भिंतीकडे नीट बघून घेतलं आणि मग तिला हात लावला. बॅकस्ट्रोकमध्ये शेवटी भिंतीला लागेपर्यंत पाठीवरच राहावं लागतं. पंचांनी हात वर केला. अख्खा संघ बाद.

“अहो, भिंत काय पळून जाते का?” नर्सबाई कपडे बदलायच्या खोलीत ओरडल्या.

“पळत नाही, म्हणूनच तर बघायचं,” वन्सं म्हणाल्या. “पळणारी वस्तू स्वतःच बाजूला होते.”

बिनतोड होतं, पण पदक देणारं नव्हतं. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. त्यानंतर महिनाभर त्या तिघी तलावावर वन्संशी फक्त टॉवेल मागण्यापुरतं बोलत होत्या. तिसऱ्या वर्षाचा सराव सुरू झाला त्या दिवशी नर्सबाईंनी स्पष्टच सांगितलं, “यंदा उलटलात, तर पुढच्या वर्षापासून केकवाल्या बाईंची विहीण. बोलून ठेवलंय मी.”

विहीणबाई नुसत्या बोलून ठेवलेल्या नव्हत्या, बसवूनही ठेवल्या होत्या. त्या रोज सरावाला यायच्या, डोक्यावर रबरी टोपी घट्ट चढवायच्या आणि तलावाकाठच्या बाकावर हात जोडून बसायच्या. पाण्यात कधी उतरल्या नाहीत. नुसत्या तयार असायच्या.

त्या दिवशी घरी आल्यावर वन्सं बराच वेळ केस पुसत राहिल्या. केस केव्हाच सुकले होते.

“वहिनी,” त्या म्हणाल्या, “गाडी गेली तेव्हा मी काही बोलले का?”

“नाही.”

“वेळच्या वेळी गेली, बरं झालं. पण ह्या तिघी भिंतीवर उभ्या राहून मी येईपर्यंत थांबतात. माझ्यासाठी कोणी थांबतं, असं आता दुसरं काही राहिलं नाही.” मग टॉवेल दोरीवर टाकत म्हणाल्या, “आणि चहात साखर जरा बेतानं घाल. पाठ दुखते.”

साखरेचा आणि पाठीचा काय संबंध ते मी विचारलं नाही.

तलावावरची कोच वन्संचीच जुनी विद्यार्थिनी निघाली. तरुण आहे, गळ्यात शिटी, आवाज खणखणीत. पण वन्संसमोर आली की तिचे हात आपोआप स्टिअरिंग धरल्यासारखे व्हायचे. एकेकाळी चढावर गाडी मागे घरंगळली म्हणून ती त्यांच्या शेजारी बसून रडली होती. आता शिकवायची पाळी तिची होती, आणि रडायची वेळही, मला वाटतं, तिच्यावरच यायची.

तिने पहिल्या दिवशी वन्संच्या कपाळावर पाण्याने अर्धा भरलेला प्लास्टिकचा ग्लास ठेवला. “बाई, हा न सांडता यायचं. डोकं हललं की कंबर बुडते. कान पाण्यात, नजर सरळ छताकडे.”

वन्संनी दोन हात मारले आणि खांद्यावरून मागे बघितलं. ग्लास गेला. दुसरा ठेवला. तोही गेला. आठवड्याच्या शेवटी तलाव साफ करणाऱ्या माणसाने जाळी भरून ग्लास वर काढले आणि कोणाची पार्टी होती का म्हणून विचारलं.

मग घरी तालीम सुरू झाली. जेवणाच्या टेबलावर उताणं पडायचं, कपाळावर पाण्याची वाटी आणि हात आळीपाळीने मागे. हात वर निघताना अंगठा आधी, पाण्यात शिरताना करंगळी आधी, असा कोचचा दंडक होता. “खांदा हनुवटीला लागू दे, अंग कुशीवर झुकू दे, मान मात्र जागची हलायची नाही,” हे मी खुर्चीवर बसून कागदावरून वाचायचे. लहानपणी मिशनच्या शाळेत सिस्टर ज्या सुरात पाढे म्हणून घ्यायच्या, तोच सूर माझा लागत असे. एकदा दार उघडंच होतं. विजेचं मीटर बघायला आलेला माणूस आत आला. टेबलावर एक वृद्ध बाई, कपाळावर वाटी, हात पवनचक्कीसारखे, आणि शेजारी दुसरी वृद्ध बाई गंभीरपणे “करंगळी... करंगळी...” म्हणते आहे. त्याने मीटरकडे न बघताच आकडा लिहिला. त्या महिन्याचं बिल फार कमी आलं.

वाटी घरात स्थिर राहायला लागली. पाण्यात मात्र मान वळायचीच. शेवटी एक दिवस कोच काठावर मांडी ठोकून बसली.

“बाई, गाडी दोन खांबांच्या मध्ये उलटी लावायला तुम्ही मला कसं शिकवलंत?”

“खुणेवर,” वन्सं म्हणाल्या. “खांब मागच्या काचेच्या कोपऱ्यात आला की चाक पूर्ण फिरवायचं. आणि मग मोजायचं.”

“आणि मी सारखी मान वळवायचे तेव्हा काय ओरडायचात?”

वन्सं नाइलाजाने म्हणाल्या, “‘खूण दिसली की मानेला सुट्टी.’”

कोचने वर बोट केलं. भिंतीच्या अलीकडे, तलावाच्या आरपार बांधलेल्या दोरीला तिकोनी पताका लटकत होत्या. त्या सजावटीसाठी आहेत अशी माझी इतके दिवस समजूत होती. वन्संचीही तीच. त्या मुद्दाम उताणं पोहणाऱ्यांसाठी असतात म्हणे. पताका डोळ्यांवरून गेल्या की आपले हात मोजायचे आणि ठरलेल्या हाताला भिंत. प्रत्येकीचा आकडा वेगळा.

“ही दोरी कोणी बांधली?” वन्संनी विचारलं.

“शिपायाने.”

“तू मोजलीस?”

“बाई, नियमच आहे...”

“तू मोजलीस का?”

टेप आणली गेली. शिपायाला एका टोकाला उभं केलं, कोचला दुसऱ्या. दोरी अगदी बरोबर निघाली. वन्संनी मान डोलावली आणि तेव्हापासून त्यांनी मागे बघणं सोडलं. पताका, मग सहा हात, मग भिंत. सकाळ-संध्याकाळ सहा. सहा हा आकडा त्यांनी असा पाठ केला की दुकानात केळी मागितली तरी सहाच मागायच्या.

मान सुटली, पण वेग येईना. शिवाय त्या सरळ जाईनात. लेनच्या मधोमध निघायच्या आणि हळूहळू उजवीकडच्या दोराला जाऊन लागायच्या. कोपर खरचटून लाल व्हायचं. मी वर गॅलरीत बसायचे. तिथून मला त्यांच्या डाव्या पायाचा नुसता फेस दिसायचा, पण उजव्या पायाची बोटं मात्र मधून मधून पाण्याबाहेर ताठ उभी राहायची, वर्गात कोणी प्रश्न विचारायला बोट वर करावं तशी.

“पंजा लांब करा, बाई! घोटा सैल!” कोच ओरडायची. “एक पाय पोहतोय आणि दुसरा भांडतोय!”

“माझे दोन्ही पाय सारखेच आहेत,” वन्सं ओरडून उत्तर द्यायच्या आणि पाणी प्यायच्या.

बाकावर विहीणबाई टोपी नीट करायच्या.

स्पर्धेच्या दिवशी माझा मुलगा आम्हाला न्यायला गाडी घेऊन आला. त्याचे केस पिकले आहेत, दोन मुलं कॉलेजात आहेत, तरी आत्या शेजारी बसली की त्याची मान ताठ होते. मी मागे, जरा तिरकी बसले होते.

“आरसा,” वन्सं म्हणाल्या.

“बघितला, आत्या.”

“बघितलास की नजर टाकलीस?”

“आत्या, माझं लायसन्स आता तीस वर्षांचं आहे.”

“तीस वर्षांत गाय सुद्धा रस्ता ओलांडायला शिकते. समोर सायकल बघ.”

सायकल बरीच लांब होती. तरी पाय आला. त्या दिवशी त्यांनी तलावावर घालायच्या उघड्या चपला घातल्या होत्या, म्हणून मला तो पहिल्यांदा नीट दिसला. डावा पाय निवांत लोळत होता. उजव्याचा गुडघा ताठ, टाच पुढे रोवलेली, पंजा भिंतीसारखा उभा आणि बोटं वर. वर्गात प्रश्न विचारणारी ती बोटं.

मी “अगंबाई!” म्हणाले. मुलाने दचकून खरा ब्रेक मारला. मागच्या रिक्षावाल्याने आमच्या सगळ्या घराण्याचा उद्धार केला.

कपडे बदलायच्या खोलीत मी वन्संना कोपऱ्यात घेतलं.

“वन्सं, तुम्ही पाण्यात ब्रेक मारता.”

“काहीतरीच काय.”

“उजव्या पायाने. मागे काय आहे ते दिसत नाही ना, म्हणून. मान थांबवलीत, तर भीती सगळी पायात उतरली. म्हणून तुम्ही उजवीकडे ओढल्या जाता.”

वन्संनी आपल्या उजव्या पायाकडे बघितलं. एखादा जुना, विश्वासू नोकर चोरी करताना सापडावा तशा त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

“मग मी तो ठेवू कुठे?” त्यांनी हळूच विचारलं.

“तुम्ही शेजारच्या सीटवर बसून पोहता. आज ड्रायव्हरच्या सीटवर बसा. पाय ॲक्सिलरेटरवर ठेवा, बोटं लांब, पुढे.”

“वहिनी, तुला गाडी चालवता येत नाही.”

“नाही येत. पण सतरंज्या मीच विकत आणते.”

बाहेर शिटी झाली.

चार संघ होते. वन्संनी भिंतीवरची कडी धरली, पाय भिंतीला लावले, गुडघे पोटाशी. टोपीत त्यांचं तोंड अगदी लहान दिसत होतं. त्यांच्या मागे काठावर पोस्टातल्या बाई; समोरच्या टोकाला नर्सबाई, केकवाल्या बाई, आणि त्यांच्या मागे टोपी घातलेल्या विहीणबाई उभ्या. भोंगा वाजला आणि वन्सं मागे झेपावल्या.

मी गॅलरीत कठडा धरून उभी होते. उजव्या पायाची बोटं शोधत होते. ती वर आलीच नाहीत. दोन्ही बाजूंना सारखा फेस. कपाळावर खरंच ग्लास ठेवला असता तर राहिला असता. करंगळी, करंगळी, करंगळी. आणि त्या लेनच्या मधोमध, रूळ टाकल्यासारख्या सरळ येत होत्या. त्यांना एवढ्या वेगात मी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी स्वतः तरी कुठे बघितलं होतं!

कोच काठाने पळत होती, आनंदाने ओरडत होती. मग एकदम तिचा चेहरा पडला. मला कारण कळलं नाही. तिला कळलं होतं. सहा हा आकडा ब्रेक दाबून पोहणाऱ्या बाईंचा होता. ब्रेक सुटला होता, आणि नवा आकडा कोणी मोजलाच नव्हता.

“बाई! बाई! भिंत!”

पण कान पाण्यात ठेवायचे, हेही तिनेच शिकवलेलं.

पताका डोळ्यांवरून गेल्या. एक. दोन. तीन. चार—

आवाज गॅलरीपर्यंत आला. कलिंगडावर बोटाने टिचकी मारतात ना, तसा, फक्त बोट मोठं असल्यासारखा.

आता नर्सबाईंनी उडी मारायची होती. त्या ठोकळ्यावर वाकल्या होत्या, हात पुढे केलेले, आणि बरोबर त्यांच्या नाकाखाली वन्सं डोकं भिंतीला लावून, उताण्या, डोळे छताला लावून तरंगत होत्या. साऱ्या जन्माची नर्स! उडी मारावी की नाडी बघावी, तिचं तिलाच कळेना.

“अहो, शुद्धीत आहात ना? किती बोटं दिसतात?”

वन्संनी डोळे किंचित वर फिरवले आणि ज्या आवाजाने त्यांनी गावाला गाडी शिकवली तो आवाज काढला. “सिग्नल हिरवा आहे! बघत काय बसलात? सुटा!”

नर्सबाई सुटल्या. बोटं मोजण्यात गेलेला वेळ काही भरून निघाला नाही. आमचा संघ तिसरा आला. पण तिसरा आला की बाद झाला, हे अजून ठरायचं होतं, कारण त्या टोकाच्या पंचांनी हात अर्धाच वर केला होता आणि तो तसाच ठेवून ते मुख्य पंचांना बोलवत होते. नर्सबाई ओल्याच तिथे धावल्या. मीही काठी टेकत खाली उतरले.

“ह्यांचा हात भिंतीला लागला नाही,” पंच म्हणाले.

“हातच लागला पाहिजे असं लिहिलंय का?” कोचने विचारलं.

मुख्य पंचांनी नियमांचं पुस्तक चाळलं, चष्मा बदलून पुन्हा चाळलं. “पाठीवर असताना स्पर्श, एवढंच आहे,” ते म्हणाले. “पण फेस फार होता. शेवटच्या क्षणी या उताण्या होत्या की पालथ्या, ते मला दिसलं नाही. गेल्या दोन वर्षांचा इतिहास बघता...”

सगळ्यांनी वन्संकडे बघितलं. त्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी फक्त रबरी टोपी ओढून काढली आणि डोकं पुढे वाकवलं.

टाळूच्या मागच्या बाजूला लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं.

नर्सबाई पुढे झाल्या. त्यांनी दोन बोटांनी टेंगूळ चाचपलं आणि पंचांचा हात धरून तोही त्याच्यावर ठेवला. “पालथी बाई धडकली असती, तर हे कपाळावर आलं असतं,” त्या म्हणाल्या. “मी इस्पितळात आख्खा जन्म काढलाय. इतकं उताणं टेंगूळ मी बघितलेलं नाही.”

मुख्य पंचांनी टेंगूळ पुन्हा एकदा दाबून बघितलं. वन्सं “आई गं” म्हणाल्या. पंचांनी ते ग्राह्य धरलं असावं, कारण त्यांनी पुस्तक मिटलं. तिसरा क्रमांक कायम.

केकवाल्या बाईंच्या विहीणबाईंनी डोक्यावरची टोपी काढली, घडी घालून पिशवीत ठेवली आणि पहिल्यांदाच आमच्याशी बोलल्या. “सुटले बाई,” त्या म्हणाल्या. “मला पोहता येत नाही हो. विहिणीला नाही कसं म्हणायचं, म्हणून बसत होते.”

परत येताना वन्सं मागे माझ्या शेजारी बसल्या, डोक्यावर बर्फाची पिशवी धरून. गळ्यात पदक होतं. मुलाने सिग्नलला गाडी जरा उशिराच थांबवली, समोरच्या टेम्पोला जवळजवळ टेकवून. मी खाली बघितलं. पाय जागचा हलला नव्हता.

“आत्या,” मुलगा आरशातून बघत म्हणाला, “आज काही म्हणाली नाहीस?”

“आज मी आयुष्यात पहिल्यांदा ब्रेक न मारता धडकलेय,” वन्सं म्हणाल्या. “मला जरा त्याचाच विचार करू दे. तू पुढे बघ.”

घरी आल्यावर त्यांनी कोचला फोन लावला आणि उद्या सकाळी टेप घेऊन ये, आकडा नव्याने काढायचा आहे, असं बजावलं. त्या रात्री टेंगूळ उशीला लागत होतं, म्हणून त्या पालथ्या झोपल्या. त्याला कोणाची हरकत नव्हती.